लहुजी वस्तादांना कुणाचे प्रमाणपत्र हवे?



गेल्या १४ नोव्हेंबरला, लहुजी वस्ताद साळवे यांच्या जयंतीला, आमच्या मलकापुरात एका फ्लेक्सवरून वाद झाला. फ्लेक्स नेहमीसारखाच होता. मध्ये मिशीवाले, पागोटेवाले लहुजी, खाली वर्गणीदारांचे फोटो आणि एका बाजूला शिष्यांची यादी: महात्मा जोतीराव फुले, वासुदेव बळवंत फडके, लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर, चाफेकर बंधू. आगाशिवनगरातल्या आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या, बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने ती यादी वाचली आणि सगळ्यांसमोर विचारले, "दादा, चाफेकर लहुजींचे शिष्य कसे? सनच जुळत नाही."

त्यावर एकाने त्याला सुनावले, "तू नक्की कुणाच्या बाजूचा?" दुसरा म्हणाला, "कट्टर असशील तर असले प्रश्न विचारू नकोस." मग मातंग वस्तीतले एक वयस्कर तात्या, जे एवढा वेळ गप्प बसले होते, ते शांतपणे म्हणाले, "आमच्या माणसाचं नाव आलं की तुमच्या पोरांना पुरावा लागतोय व्हय? मग करा तुमचं तुम्ही." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्याच ओळखीच्या एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मोबाईलवर स्टेटस ठेवले. त्याचा मतलब असा, की लहुजी वस्ताद वगैरे सगळा व्हॉट्सॲपवरचा इतिहास आहे, असा कोणी मोठा शस्त्रविद्येचा शिक्षक होता याला आधार काय?

म्हणजे एका बाजूला प्रश्नच नको म्हणणारे आपले लोक, दुसऱ्या बाजूला सगळेच खोटे म्हणणारे ते लोक. मधे तो मुलगा, ज्याने बरोबर प्रश्न विचारला होता. आणि तात्या, ज्यांचा अपमान आम्हाला करायचा नव्हता, पण झाला. हा लेख त्या दोघांसाठी आहे.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. लहुजी वस्ताद खरे आहेत, थोर आहेत आणि त्यांच्या थोरपणाला टिळक, आगरकर, चाफेकर यांच्या प्रमाणपत्राची गरज नाही. ती यादी लहुजींना मोठे करत नाही, छोटे करते. कसे ते पाहू.

वस्ताद कशावरून ओळखायचा?

आपल्या भागात तालमीची परंपरा आहे. मलकापूरच्या शेजारी गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचे गाव. १९५२ साली हेलसिंकीला ज्यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले ते खाशाबा. त्यामुळे वस्ताद खरा की खोटा, हे आपल्या भागात पूर्वीपासून तीन गोष्टींवरून ठरते. एक, त्याच्या अंगात कसब आहे का. दोन, त्याने ते कुणाकडून घेतले. तीन, त्याच्या हाताखालून कोण पठ्ठे तयार झाले आणि ते पठ्ठे त्याचे नाव घेतात का. भिंतीवर लावलेल्या सर्टिफिकेटांवर शहाणा माणूस जात नाही. हल्ली दोन महिन्यांत पट्टे वाटणाऱ्या क्लासवाल्यांनाही हेच तीन प्रश्न विचारावेत, असे आम्ही पालकांना सांगतो.

लहुजींना आपण याच तीन कसोट्या लावू.

पहिली कसोटी: कसब

लहुजी शिकवत ते दांडपट्टा, तलवार, निशाणबाजी, कुस्ती. यातला दांडपट्टा हे मोठे कठीण हत्यार आहे. लांब, सरळ, लवचिक पाते. मूठ पोलादी खोबळ्याच्या आत, खोबळा कोपरापर्यंत. त्यामुळे मनगट मोकळे राहत नाही. तलवारीसारखे मनगटावर फिरवता येत नाही, सगळे काम खांद्यावर, कोपरावर आणि पायांच्या पवित्र्यावर. चूक झाली तर पाते आधी फिरवणाऱ्यालाच कापते. अशा हत्याराचा नुसता देखावा करता येत नाही. येते किंवा येत नाही, एवढेच.

मग लहुजींना येत होते, हे कशावरून?

याला सगळ्यात भक्कम आधार आहे तो एका पठ्ठ्याचा. १८७३ साली निघालेल्या 'गुलामगिरी'त जोतीराव फुले स्वतः सांगतात, की तरुणपणी इंग्रजांचे राज्य उलथवण्याच्या कल्पनेने आपण भारलो होतो आणि त्यासाठी दांडपट्टा आणि निशाण मारणे शिकलो. कुणाकडे शिकलो त्याचे नावही ते घेतात, बापाच्या नावासकट, जातीसकट: लहुजी बिन राघू राऊत मांग. पुस्तक निघाले तेव्हा लहुजी हयात होते. म्हणजे हे मेलेल्या माणसाला मागाहून चिकटवलेले शिष्यत्व नाही. गुरू जिवंत असताना, त्याच शहरात राहून, शिष्याने छापून दिलेली कबुली आहे. ज्यांना व्हॉट्सॲपवरचा इतिहास दिसतो त्यांनी आधी हे पुस्तक उघडावे.

आता समाजशास्त्राच्या अंगाने बघा. जोतीराव १८४७च्या सुमारास स्कॉटिश मिशनच्या शाळेतून शिक्षण संपवून बाहेर पडलेले, वीस वर्षांचे, चांगल्या खात्यापित्या माळी घरातले. पुण्यात तालमींना तोटा नव्हता. अशा मुलाने सगळे सोडून मांगाच्या हाताखाली शिकायला जावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. सावलीचा विटाळ मानणाऱ्या शहरात कुस्तीत अंगाला अंग लागते, हत्यार शिकवताना वस्ताद हात धरून पवित्रा बसवतो. या शिष्यत्वाला सामाजिक किंमत होती. ती किंमत मोजून कुणी जातो तो उगाच जात नाही. दुसरीकडे मिळत नाही असे काहीतरी तिथे मिळते म्हणूनच जातो. लहुजींच्या कसबाचा आम्हाला हा मोठा पुरावा वाटतो.

दुसरी कसोटी: परंपरा

लहुजींचा जन्म १७९४चा, पुरंदरच्या पायथ्याच्या पेठ गावचा मानला जातो. वडील राघोजी हेच त्यांचे पहिले वस्ताद. घराणे किल्ल्याच्या राखणीशी जोडलेले. याच पुरंदरच्या परिसरात भिवडीला १७९१ साली उमाजी नाईक जन्मले, ज्यांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिली. रामोशी, मांग, महार, कोळी यांच्याकडे गडांची आणि गावाची राखण असे. हत्यार चालवणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. कुठल्या आश्रमातून, कुठल्या मंत्रासकट ही विद्या आलेली नाही. बापाने मुलाला, चुलत्याने पुतण्याला, पहारा देता देता शिकवलेली आहे.

'गुरू' आणि 'वस्ताद' या शब्दांत फरक आहे, तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. गुरू होण्यासाठी या देशात जात लागत असे. वस्ताद हा फारसी 'उस्ताद'वरून आलेला तालमीचा शब्द. ही पदवी पठ्ठे देतात, धर्मपीठ देत नाही. आपण फ्लेक्सवर 'आद्यक्रांतिगुरू' लिहितो ते आदरानेच. पण लोकांनी त्यांना जी पदवी दिली ती वस्ताद. ती जास्त मोलाची आहे, कारण ती मातीत उतरून मिळवलेली आहे.

लहुजींच्या या परंपरेकडे बघताना पेशवाईतल्या तालीमखान्याची आठवण ठेवा. जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात ती सांगते, की बाजीरावाच्या राज्यात मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात तलवारीचे दांडू आणि डोक्याचा चेंडू करून खेळ केला जाई. आम्ही अभ्यासवर्गात हा निबंध वाचून दाखवतो तेव्हा या ठिकाणी नेहमी शांतता पसरते.

ज्या शहरात मांगाला तालमीपुढून जायची चोरी होती, त्याच शहरात काही वर्षांत एक मांग स्वतःची तालीम घालतो आणि इतर जातींतली मुले त्याच्याकडे शिकायला येतात. पुण्याच्या गंज पेठेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले पेठेत, त्यांच्या नावाची तालीम आजही आहे. लहुजींनी आणखी काही केले नसते तरी एवढे पुरेसे होते. यावर एखादा फ्लेक्स कुणी लावला का? आम्ही तरी पाहिला नाही.

मुक्ता ही लहुजींची नात, असे कुणी सांगते, कुणी पुतणी म्हणते. यावरही आपली पोरे भांडतात. आमचे म्हणणे, भांडू नका. रक्ताचे नाते काय होते यावर मुक्ताचे मोठेपण ठरत नाही आणि लहुजींचेही ठरत नाही. वंशावळीवरून मोठेपण ठरवणे हा ब्राह्मणी व्यवस्थेचा कित्ता आहे. तो आपण कशाला गिरवायचा?

तिसरी कसोटी: पठ्ठे, आणि ती यादी

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. लहुजी गेले १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. समाधी पुण्यात संगमवाडीला आहे. आता साधी बेरीज-वजाबाकी करा.

जोतीराव जन्मले १८२७ला. ते वीस वर्षांचे तेव्हा लहुजी बावन्न-त्रेपन्न. वस्तादाचे ऐन उमेदीचे वय. शिवाय शिष्याची छापील कबुली आहे. इथे शंकेला जागा नाही.

वासुदेव बळवंत जन्मले १८४५ला. ते विशीत पुण्याला नोकरीत होते तेव्हा लहुजी सत्तरीत. सत्तरीतला वस्ताद स्वतः लढत नाही, पण कट्ट्यावर बसून डाव सांगतो, चुका काढतो. फडक्यांनी १८७९ साली जे बंड केले त्यात सोबतीला रामोशी, धनगर, मांग होते. एका ब्राह्मण कारकुनाची या लोकांशी गाठ कुठेतरी पडली असणार, आणि ती तालमीत पडली असे परंपरा सांगते. हे पटण्यासारखे आहे. पण जोतीरावांइतका पक्का आधार इथे नाही, हे मान्य करायला लाज कसली?

टिळक आणि आगरकर दोघेही १८५६चे. आगरकर तर आपल्याच कराड तालुक्यातल्या टेंभूचे. मॅट्रिक होऊन ते पुण्याला कॉलेजात गेले १८७५च्या सुमारास. तेव्हा लहुजी ऐंशी-एक्क्याऐंशीचे. आणि आगरकर दम्याने बेजार असलेला, पैशाची ओढाताण असलेला विद्यार्थी. तो दांडपट्टा शिकला असे त्याने कुठे लिहिले आहे? टिळकांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षात अभ्यास बाजूला ठेवून व्यायाम केला हे त्यांच्या चरित्रांतून येते. पण व्यायाम केला म्हणजे लहुजींकडे केला, असे होत नाही.

आणि चाफेकर? दामोदर चाफेकर जन्मले १८६९ला. लहुजी गेले तेव्हा अकरा वर्षांचे. धाकटा वासुदेव तर तान्हा. मुलाने विचारले ते बरोबर होते. सन जुळत नाही.

मग ही यादी आली कुठून? आम्हाला दिसते ते असे. आपल्या माणसाचे मोठेपण समोरच्याला पटत नाही, असा अनुभव पिढ्यान् पिढ्या घेतल्यावर माणूस काय करतो? समोरच्याला जे मोठे वाटतात तेच साक्षीला उभे करतो. तुम्ही टिळकांना मानता ना? मग बघा, टिळकांनाही आमच्या मांगाने शिकवले. यामागची जखम आम्ही समजू शकतो. पण या युक्तिवादात मोठेपणाचे माप कुणाच्या हातात राहते? त्यांच्याच. लहुजी मोठे का, तर टिळक त्यांचे शिष्य म्हणून. म्हणजे टिळक नसते तर लहुजी लहान? अशी ही यादी आदराचे रूप घेऊन येते आणि प्रमाणपत्र मात्र पुन्हा त्याच वाड्यातून आणते.

दुसरे नुकसान व्यवहारातले. यादीतले एक नाव खोटे ठरले की विरोधक ते एक नाव धरून सगळी यादी फेकतो. चाफेकरांच्या नावाबरोबर जोतीरावांचे खरे नावही जाते. त्या गृहस्थांच्या स्टेटसला दारूगोळा आपणच पुरवला.

पण कागद कुणाकडे असतो?

आता तात्यांच्या बाजूने बोलतो. "तुमच्या पोरांना पुरावा लागतोय व्हय?" हा टोमणा नाही. यात इतिहासलेखनाचा मोठा प्रश्न आहे.

खाशाबांचे वस्ताद आपल्याला का माहीत आहेत? वडील दादासाहेब घरचे पहिलवान होते. १९४८च्या लंडन ऑलिंपिकच्या आधी अमेरिकी प्रशिक्षक रीस गार्डनर यांनी मार्गदर्शन केले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. हे सगळे माहीत आहे कारण मागे कॉलेज होते, वर्तमानपत्रे होती, स्पर्धेच्या नोंदी होत्या. आणि एवढे असूनही त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

लहुजींच्या काळात मांगाच्या तालमीचा दप्तरदार कोण होता? लेखणी ज्यांच्या हातात होती त्यांनी ते लिहिले नाही. आणि इंग्रजांनी लिहिले ते कसे? १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, पुढे १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही त्याचा फास बसला. १८७८ला हत्यारांचा कायदा आला. पिढीजात हत्यार चालवणाऱ्या जमातींची नावे पोलिसांच्या हजेरीपटावर गेली. जे कसब दुसऱ्या कुणाकडे असते तर 'शौर्य' ठरले असते, ते मांग-रामोश्यांकडे होते म्हणून 'गुन्हेगारी' ठरले. आपल्या जवळच्याच वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी 'फकिरा' लिहून हेच दाखवले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्यांच्या नोंदी गुरू म्हणून झाल्या नाहीत, आरोपी म्हणून झाल्या, त्यांच्याकडे आज 'कागद दाखवा' म्हणणे म्हणजे चोराने मालकाकडे पावती मागणे आहे.

म्हणून परंपरेने चालत आलेल्या गोष्टींनाही पुराव्यात जागा आहे. तालमीची जागा, समाधी, म्हाताऱ्यांच्या आठवणी, गाणी, जत्रेतले खेळ हे सगळे पुरावेच आहेत. फक्त कुठला पुरावा किती वजनाचा, हे सांगायचे. लेखी असेल तर लेखी म्हणा. ऐकीव असेल तर 'परंपरा सांगते' म्हणा. त्याने लहुजी छोटे होत नाहीत, आपले बोलणे भक्कम होते.

काटा दोन्हीकडे एकच

आपण ही कसोटी दुसऱ्यांना लावली आहे, हे विसरू नका. दादोजी कोंडदेव शिवरायांचे युद्धगुरू होते असे आम्हा सगळ्यांना शाळेत शिकवले गेले. सत्यशोधक आणि बहुजन चळवळीतल्या अभ्यासकांनी विचारले, समकालीन आधार दाखवा. कारभारी, सुभेदार म्हणून दादोजी कागदांत दिसतात. शस्त्र शिकवणारे गुरू म्हणून ते पुढे होऊन आले. या वादातून राज्य सरकारच्या क्रीडा प्रशिक्षकांच्या पुरस्काराचे दादोजींचे नाव गेले. डिसेंबर २०१०मध्ये पुण्याच्या लाल महालातला त्यांचा पुतळा महापालिकेने हटवला. तेव्हा आपण सगळ्यांनी पुराव्याची भाषा केली. ती भाषा बरोबर होती. मग आज आपल्या फ्लेक्सवरची चार नावे तपासायची वेळ आली तर 'तू कुणाच्या बाजूचा' असे का विचारायचे?

आमच्या डोक्यावर आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तिथे बसून आम्ही मुलांबरोबर कालाम सुत्त वाचतो. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मान्य करू नका, स्वतः पारखून घ्या, असा तथागतांचा उपदेश आहे. त्यात 'आपल्या लोकांचे सोडून' अशी सवलत कुठेही नाही. १९४९च्या नोव्हेंबरात संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला तोही आपल्यालाच होता.

खडकी आणि कोरेगाव

आणखी एक कुजबुज आम्ही ऐकतो, ती उघड करतो. काही पोरे म्हणतात, लहुजींचे वडील राघोजी १८१७च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने पडले, मग त्यांच्या मुलाची जयंती आपण कशी करायची? आपले तर कोरेगाव.

खडकी ५ नोव्हेंबर १८१७ची, कोरेगाव १ जानेवारी १८१८ची. दोन महिनेसुद्धा अंतर नाही. एका जातीचा शिपाई एका फौजेत, दुसऱ्या जातीचा दुसऱ्या फौजेत. दोघांनाही स्वतःच्या नावाचे राज्य नव्हते. जिथे हत्यार धरू दिले, तिथे त्यांनी इमाने धरले. राघोजी लढले त्या राज्यात त्यांच्या जातभाईला तालीमखान्यापुढून जाता येत नव्हते. कोरेगावला लढलेल्या महारांनाही पुढे कंपनीच्या वारसदारांनी फौजभरती बंद करून घरी बसवले. दोघांची फसवणूक सारखीच आहे. ती ओळखायची सोडून महार-मांग एकमेकांचे बाप मोजत बसले तर कुणाचे फावेल? १ ऑगस्ट २०२४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या उपवर्गीकरणाच्या निकालानंतर गावागावांत दोन वस्त्यांमधले बोलणे कमी होत चालले आहे. निकालावर मते वेगळी असू शकतात, त्यावर स्वतंत्रपणे लिहू. पण तात्या उठून गेले त्यामागे फक्त फ्लेक्स नव्हता, हे आम्हाला कळते.

वस्तादांचा खरा डाव

लहुजींची थोरवी आम्ही कशात मानतो ते सांगून संपवतो.

हत्यार शिकून इंग्रजांना घालवू, या कल्पनेतून जोतीराव पुढे बाहेर पडले. शूद्रातिशूद्रांना आधी विद्या पाहिजे, हे त्यांना उमगले. १८४८ला मुलींची शाळा काढली, मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. आता विचार करा. पठ्ठ्याने आखाडा सोडला आणि पाटी हातात घेतली. दुसरा एखादा वस्ताद रुसला असता. लहुजींनी काय केले? जोतीरावांचे चरित्रकार सांगतात, की लहुजी आणि राणबा महार या दोघांनी वस्त्यांमध्ये फिरून लोकांना समजावले, पोरे शाळेत घाला म्हणून. एक मांग आणि एक महार, एकाच कामासाठी, बरोबरीने.

महाभारतातल्या द्रोणाने निषादाच्या मुलाला शिकवायचे नाकारले आणि न शिकवता दक्षिणा म्हणून अंगठा कापून घेतला. त्याच्या नावाने १९८५पासून देशातल्या प्रशिक्षकांना पुरस्कार दिला जातो. लहुजींनी ज्याला शिकवले त्याच्या मागे उभे राहून स्वतःच्या वस्तीतली पोरे त्याच्या शाळेत पोहोचवली. त्या शाळांमधून मुक्ता निघाली, जिने वेद वाचायची बंदी असलेल्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न छापून विचारला. यातला खरा शिक्षक कोण, हे वाचकांनी ठरवावे.

२०२४मध्ये राज्य सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. चांगले झाले. पण हत्याराचा गौरव करताना ते ज्यांनी पिढ्यान् पिढ्या जपले त्या हातांची आठवण होते का? पाठ्यपुस्तकात दांडपट्टा येईल, लहुजी येतील का?

आणि परंपरेचा प्रश्न विचारायचाच असेल तर आपल्याला विचारा. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर, फुले. त्या फुल्यांनी आपल्या वस्तादाचे नाव छापून सांगितले: लहुजी बिन राघू राऊत मांग. म्हणजे आपली सगळी चळवळ एका मांगाच्या तालमीतून होऊन आलेली आहे. असे असताना टिळक-आगरकरांच्या नावाची उसनवारी कशाला?

मग करायचे काय?

आम्ही मलकापुरात तीन गोष्टी ठरवल्या आहेत. इतर ठिकाणच्या साथींनीही विचार करावा.

एक. पुढच्या जयंतीच्या फ्लेक्सवर एकच नाव मोठ्या अक्षरात: जोतीराव फुले यांचे वस्ताद. खाली 'गुलामगिरी, १८७३'. बस्स.

दोन. कराड, मलकापूर, वाळवा, शिराळा या पट्ट्यातल्या मातंग, रामोशी, महार वस्त्यांमध्ये लाठीकाठी, पट्टा, फरीगदका खेळणारे म्हातारे अजून आहेत. कुणाकडून शिकलात, कुणाला शिकवले, खेळ कुठे कुठे केलात, एवढे तीन प्रश्न विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करायचे आणि वहीत उतरवायचे. आपला कागद आपणच तयार करायचा. या कामाला प्रश्न विचारणारा तो बीएचा मुलगाच पुढे आहे.

तीन. जयंती एकत्र. १४ एप्रिलला मातंग वस्तीतल्या मुली स्टेजवर मुक्ताचा निबंध वाचतील, १४ नोव्हेंबरला आमची पोरे-पोरी तात्यांच्या वस्तीत पट्टा शिकायला जातील.

हो, तात्यांना आम्ही भेटायला गेलो. 'गुलामगिरी'तले ते पान सोबत नेले होते. त्या मुलानेच वाचून दाखवले. तात्यांनी दोनदा वाचायला लावले. मग म्हणाले, "बापाचं नावबी लिवलंय की." थोड्या वेळाने आतून एक जुनी काठी घेऊन आले आणि त्या मुलाला म्हणाले, "पाय असा नाय ठेवायचा. उठ, दाखवतो."

जयभीम! जय लहुजी! नमो बुद्धाय!